मेनफ्रेमसाठी लिनक्स निवडताना: रेड हॅट, सूझे की उबुंटू?

आयबीएमच्या झेड मालिकेतील मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या प्रचंड कामासाठीच्या संगणकावर, लिनक्स चालवायचे ठरले की रेड हॅट, सूझे आणि उबुंटू या तिघांत चांगले कोणते, हाच प्रश्न आधी विचारला जातो. निवडीची सुरुवात तेथून करू नये. आधी त्या यंत्रावर चालवायच्या सॉफ्टवेअरची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे, त्याच्या निर्मात्याने एस३९०एक्स या झेड मेनफ्रेमच्या प्रोसेसर-रचनेसाठी कोणत्या लिनक्सची कोणती आवृत्ती प्रमाणित केली आहे, ते लिहून काढावे. ओरॅकलचा १९सी डेटाबेस या रचनेवर रेड हॅट आणि सूझे यांच्यासाठी प्रमाणित आहे, उबुंटूसाठी नाही. म्हणजे ज्या बँकेचे काम ओरॅकलवर चालते तिच्यापुरता एक पर्याय यादी करतानाच गळतो. इंटेल प्रोसेसरसाठी तयार केलेले प्रोग्राम आणि कंटेनर (प्रोग्राम व त्याला लागणाऱ्या फाइलींचे एकत्र गठ्ठे) येथे जसेच्या तसे चालत नाहीत, हेही याच टप्प्यावर तपासावे.

त्यानंतर यंत्राचे मॉडेल पाहावे. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीला किमान झेड१३ लागते, तर नवव्या आवृत्तीला झेड१४. त्यामुळे झेड१३ आणखी काही वर्षे वापरणार असाल, तर नवव्या आवृत्तीचा विचार सोडून द्यावा लागेल.

सूझेने मेनफ्रेमसाठी व्यावसायिक लिनक्स २००० सालीच आणले, उबुंटू २०१६ मध्ये आले आणि रेड हॅट २०१९ पासून आयबीएमच्याच मालकीची आहे. हा इतिहास माहीत असावा, पण केवळ मालकी एक आहे म्हणून रेड हॅट घेणे मला पटत नाही.

खर्चाचा हिशेब आयएफएलवरून मांडावा. लिनक्ससाठी राखीव असलेल्या या प्रोसेसरवर झेड/ओएस ही आयबीएमची मेनफ्रेमसाठीची कार्यप्रणाली चालत नाही आणि त्यांच्यामुळे झेड/ओएसच्या सॉफ्टवेअरचे शुल्कही वाढत नाही. रेड हॅट आणि सूझे यांची वर्गणी साधारणपणे आयएफएलच्या संख्येवर ठरते, त्यावर किती आभासी सर्व्हर चालतात यावर नव्हे. म्हणून थोड्या आयएफएलवर अनेक सर्व्हर बसवणाऱ्याला ती स्वस्त पडते.

करार करण्यापूर्वी प्रत्येक उमेदवार झेड/व्हीएमखाली (आभासी सर्व्हर चालवणाऱ्या आयबीएमच्या सॉफ्टवेअरखाली) किंवा वेगळ्या एलपारमध्ये (यंत्राच्या स्वतंत्र विभागात) स्थापित करून पाहावा, आपल्याकडील डीएएसडी (मेनफ्रेमच्या पारंपरिक) आणि एफसीपी (फायबर चॅनलने जोडलेल्या) डिस्क जोडाव्यात, चाचणी सर्व्हरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) मुद्दाम बंद पाडून डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, घ्यावा आणि तो विक्रेत्याच्या साहाय्य विभागाकडे पाठवावा. मेनफ्रेम जाणणारा अभियंता उत्तर द्यायला किती वेळ घेतो, याची नोंद दरपत्रकाशेजारी ठेवावी.