स्वस्त झेनॉन बल्ब निवडताना

माझ्या गाडीचा डावा दिवा जांभळट पडून मधूनच विझायला लागला, तेव्हा मी आधी दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल करून पाहिले. दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला, म्हणजे बॅलास्ट (बल्बाला वीज पुरवणारा डबा) ठीक होता आणि मोठा खर्च वाचला. हे करण्याआधी दिवे बंद करून बॅटरीची तार काढाच. हा बल्ब पेटताना २०,००० व्होल्टहून जास्त दाब येतो.

जुन्या बल्बाच्या बुडावरचा क्रमांक वाचा. डी२एस आणि डी४एस सारखेच दिसतात, पण पहिला ८५ व्होल्टवर चालतो, दुसरा, पाराविरहित, ४२ वर. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. शेवटी ‘एस’ असेल तर प्रोजेक्टरसाठी (पुढे भिंग असलेला दिवा), ‘आर’ असेल तर रिफ्लेक्टरसाठी (मागे आरशासारखी वाटी असलेला दिवा).

रंगाला भुलू नका. ४३०० केल्विनचाच घ्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचे माप). ६००० चा निळसर बल्ब दिसतो झकास, पण पावसात रस्ता नीट उजळत नाही, आणि माझ्या मते तिथे काटकसर करूच नये. पैसे वाचवायचे तर नामांकित कंपनीचा साधा प्रकार घ्या, ‘जास्त उजेड’वाला नको, तो लवकर संपतो. काचेजवळ गोलातली ‘ई’ खूण, म्हणजे युरोपीय मान्यतेची, बघा.

जोडीच बदला. काचेला बोट लावू नका.