गटाने मिळून गृहकर्ज लवकर फेडताना या चुका टाळा

एकाच सुमारास घराचा ताबा मिळालेली आणि साधारण सारखाच हप्ता भरणारी पाच-सात कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसतात, प्रत्येकाचे मुद्दल किती उरले ते वहीत लिहितात आणि पुढच्या महिन्यात कोणता खर्च टाळून किती जादा भरता येईल ते एकमेकांसमोर ठरवतात. घोडबंदर रस्त्यावरच्या अशा एका गटाची वही माझ्याकडे असते आणि ऐरोली-खारघरकडच्या नव्या गटांची मंडळीही अधूनमधून आपले हिशेब घेऊन येतात. वीस वर्षांच्या कर्जामागे एकट्याने लागण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते, त्यामुळे चार माणसांची सोबत घेण्याची ही पद्धत मला मनापासून पटते. मात्र प्रत्येक नवा गट जुन्या गटाच्याच चुका नव्या उत्साहाने करतो, आणि त्या पाहून आता कंटाळा आला आहे.

वहीत काय लिहायचे, येथूनच घोटाळा सुरू होतो. बहुतेक मंडळी ‘आतापर्यंत किती भरले’ हा आकडा अभिमानाने सांगतात. चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये बसतो आणि त्यातले पहिल्या महिन्याचे २८,३३३ रुपये निव्वळ व्याजात जातात. पाच वर्षांत जवळजवळ २०.८ लाख रुपये भरूनही मुद्दल सव्वापस्तीस लाखांच्या आसपास उरलेले असते. भरलेल्या रकमेचा आकडा म्हणूनच फसवा आहे. वहीत फक्त उरलेले मुद्दल लिहावे, तेही आठवणीने सांगितलेले नव्हे, तर बँकेच्या स्टेटमेंटवरून उतरवलेले.

यापुढची चूक गटामुळेच होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. प्रोत्साहनाचे रूपांतर चढाओढीत होते. एका गटात दिवाळीच्या बोनसमधून एकाने पाच लाख भरल्याची पावती दाखवली. तेव्हा ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि घणसोलीत राहणाऱ्या एका तरुण सदस्याला आपण मागे पडलो असे वाटू लागले. पाडव्याला त्याने मुदत ठेवी मोडल्या, लिक्विड फंड रिकामा केला आणि सात लाख रुपये एका दिवसात कर्जात भरून टाकले. गटाने टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांपैकी एकानेही ‘हातात किती ठेवलेस?’ असे विचारले नाही, आणि माझ्या मते त्या दिवशी गट कर्तव्याला चुकला.

गणपतीच्या सुमारास त्याच्या कंपनीने माणसे कमी केली आणि त्या यादीत त्याचे नाव निघाले. पुढचे दोन हप्ते जेमतेम गेले, तिसऱ्याला पैसे नव्हते. बँकेकडे जाऊन त्याने भरलेल्या सात लाखांतले दोन लाख परत मागितले, तेव्हा भरणा झालेले मुद्दल परत मिळत नाही, हवे असल्यास टॉप-अप, म्हणजे त्याच घरावरच्या वाढीव, कर्जासाठी अर्ज करा, असे उत्तर मिळाले; आणि टॉप-अपच्या अर्जाला शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या लागत होत्या, ज्या त्याच्याकडे नव्हत्या. शेवटी पत्नीचे दागिने गहाण पडले आणि एका ॲपवरून पंधरा टक्क्यांहून महाग दराने उसनवारी झाली. साडेआठ टक्क्यांचे व्याज वाचवण्याच्या घाईत पंधरा टक्क्यांचे व्याज गळ्यात पडले. दुसरी नोकरी लागायला वर्ष उलटले आणि त्यानंतर तो गटात आलाच नाही.

त्या प्रसंगापासून माझ्या वहीत मुद्दलाच्या आधी गंगाजळीचा रकाना असतो. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला नसेल तर जादा भरणा करायचा नाही, आणि केलाच तर त्याचे गटात कौतुक होणार नाही. सहाच महिने का, असे विचारणाऱ्यांना माझ्याकडे कोणतेही सूत्र नाही. माझ्या पाहण्यात तीन महिने अपुरे पडले आहेत, एवढेच सांगतो. काही बँका ओव्हरड्राफ्ट खाते जोडलेले गृहकर्ज देतात. त्यात ठेवलेल्या जादा पैशांइतक्या मुद्दलावर व्याज लागत नाही आणि गरज पडल्यास ते पैसे काढताही येतात. त्याचा दर बहुधा किंचित जास्त असतो. ज्याचा हात खर्चिक आहे त्याने तिकडे फिरकू नये, कारण जे पैसे काढता येतात ते काढले जातात.

तिसरी चूक एका अर्जाची आणि दोन मिनिटांची आहे, पण तिची किंमत लाखांत मोजावी लागते. मोठी रक्कम भरल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा, हे ठरवावे लागते. वरच्याच कर्जात पहिले वर्ष संपताना दोन लाख भरले असे समजू. हप्ता कायम ठेवला तर कर्ज सुमारे २६ महिने आधी संपते आणि दर बदलला नाही तर साधारण सात लाखांचे व्याज वाचते. हप्ता कमी करून घेतला तर तो महिन्याला सुमारे १,७७० रुपयांनी उतरतो आणि एकूण बचत दोन लाखांच्या आसपास राहते. हे वाचलेले १,७७० रुपये दरमहा पुन्हा कर्जातच भरले तर दोन्हींत फरक उरत नाही, असे काही हुशार मंडळी सांगतात, आणि गणित म्हणून ते बरोबरही आहे. तसे भरणारा माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. म्हणून भरणा करताना ‘हप्ता कायम, मुदत कमी’ असे लेखी द्यावे आणि आठवड्याभरात फेडीचे सुधारित वेळापत्रक मागून घ्यावे. ऑनलाइन भरलेली रक्कम मुद्दलातून वजा न होता पुढच्या हप्त्यांसाठीची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहिल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. पावतीवर पार्ट प्रीपेमेंट अशी स्पष्ट नोंद नसेल तर त्याच दिवशी शाखेत जावे.

मुदतीचाच दुसरा घोळ व्याजदर बदलतो तेव्हा होतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांचा हप्ता जागचा हलला नाही आणि ‘आमची बँक चांगली आहे’ असे ते समाधानाने सांगत राहिले. प्रत्यक्षात मुदत वाढत होती. ६.७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या तीस लाखांचा हप्ता २२,७०० रुपयांच्या आसपास बसतो, दर ९.२ टक्के झाला तर त्याच तीस लाखांचे महिन्याचे व्याजच २३,००० होते, म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल वाढत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या प्रकाराला आळा घालणारे निर्देश दिले. त्यांनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. २०२५ मध्ये दर उतरू लागले आणि जूनपर्यंत रेपो ५.५ टक्क्यांवर आला, तेव्हा याच मंडळींनी हप्ता कमी करून घेतला आणि त्या फरकातून मोबाइल बदलले. दर उतरला तरी हप्ता उतरू द्यायचा नाही, ही माझी सवय आहे. ऑक्टोबर २०१९ पूर्वीचे कर्ज असेल तर ते अजूनही एमसीएलआर (बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरणारा दर) किंवा त्याहून जुन्या पद्धतीवर आहे का, हेही एकदा तपासावे. त्याच बँकेत थोडे शुल्क भरून ते रेपोशी जोडता येते. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना मात्र शिल्लक तेरा वर्षांची पुन्हा वीस वर्षे करून आणू नयेत.

काही चुका एका वाक्यात सांगण्याजोग्या आहेत. गृहकर्ज फेडण्यासाठी वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड वापरणाऱ्याला मी वहीत जागाच देत नाही. गटाची भिशी करून आळीपाळीने एकेकाचे कर्ज फेडण्याची कल्पना दर वर्षी कोणीतरी मांडतो. पहिला डाव घेऊन बदलीवर निघून गेलेला एक माणूस मी पाहिला आहे, त्यामुळे आमच्याकडे धीर एकत्र असतो आणि पैसे ज्याचे त्याच्या खात्यात असतात. भविष्य निर्वाह निधी मोडून कर्ज फेडणाऱ्यांनी त्या निधीवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते हे लक्षात घ्यावे, आणि म्हातारपणासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही हेही. ‘करसवलत जाईल म्हणून फेडत नाही’ असे म्हणणारे दोन लाख व्याज भरून तीस टक्क्यांच्या टप्प्यात फार तर ६२,४०० रुपये वाचवतात, तेही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. आगाऊ फेडीवर दंड बसेल ही भीतीही जुनी झाली आहे, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना असा आकार लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली. स्थिर दराचे कर्ज असेल तर करारनामा वाचावा. आणि पती गटात येऊन पुढच्या महिन्याचे संकल्प सोडतो, पण सहकर्जदार असलेल्या पत्नीला शिल्लक मुद्दल किती हे ठाऊक नसते, अशा घरात पुढच्याच महिन्यात सोफा येतो. बैठकीला दोघांनी यावे.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या चुकीकडे येतो. कर्ज फिटल्यावर लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. नेरुळच्या एका दांपत्याने कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले, बँकेकडून काही देणे उरले नसल्याचे नो ड्यूज पत्र घेतले, कागदांची पिशवी न उघडता कपाटात ठेवली आणि मुलाच्या शिक्षणासाठी घर विकायची वेळ येईपर्यंत ती तशीच राहू दिली. गिऱ्हाईक चांगले मिळाले होते, बयाणाही झाला होता. त्या गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने शोध घेतला, तेव्हा सरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय, नोंदवहीत त्या घरावर अजूनही बोजा दिसत होता. तो शेवटच्या बँकेचा नव्हता; मध्यंतरी ज्या गृहवित्त कंपनीकडून कर्ज बँकेत हलवले होते, तिने आपला बोजा उतरवलाच नव्हता. पिशवी उघडली तर बिल्डरकडून घर विकत घेणाऱ्या पहिल्या मालकाचा मूळ करारनामा आत नव्हता. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या हक्काची नोंद तशीच होती आणि जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्याने तिथली जुनी गहाण-परवानगीही वकिलाने उकरून काढली.

कंपनीची ती शाखा बंद झाली होती, फाइल कोणत्या गोदामात आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते आणि प्रत्येक फोनवर नवा माणूस पहिल्यापासून सगळे विचारत होता. दोन महिने थांबून गिऱ्हाईक निघून गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत करावे लागतात आणि बोजाची नोंद उतरवावी लागते, आणि कर्ज देणाऱ्याच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला आणि या दांपत्याचे कर्ज त्याच्या आधी फिटले होते.

म्हणून कर्ज घेतानाच बँकेकडून जमा कागदांची यादी, जिला शाखेत एलओडी म्हणतात, शिक्क्यासह मागून घ्यावी आणि फेडीनंतर काउंटरवर उभे राहूनच त्या यादीशी एकेक कागद ताडून पाहावा: नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा), आधीच्या मालकांचे करारनामे, शेअर सर्टिफिकेट. मागे रांग आहे म्हणून शाखेतले लोक घाई करतील, करू द्यावी. महिन्याभराने सरसाईच्या संकेतस्थळावर शोध घेऊन बोजा उतरल्याची खात्री करावी, सोसायटीच्या सेक्रेटरीला नो ड्यूज पत्राची प्रत देऊन पोच घ्यावी आणि सिडकोकडून गहाण-परवानगी घेतली असेल तर तिथेही पत्र द्यावे. कर्ज घेताना दुय्यम निबंधकाकडे दिलेली गहाणाची सूचना पुढे शोधात दिसतेच, आणि तेव्हा ते नो ड्यूज पत्रच उत्तर म्हणून दाखवावे लागते. त्याची मूळ प्रत कोणालाही देऊ नये. हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे एनएसीएच (नाच) मँडेट, रद्द करून घ्यावी. कर्जासोबत एकरकमी विमा घेतला असेल तर कर्ज आधी फिटल्यावर काही रक्कम परत मिळू शकते; ती मागितल्याशिवाय सहसा येत नाही. क्रेडिट रिपोर्ट कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात कर्ज ‘क्लोज्ड’ दिसते का, हे दोन महिन्यांनी पाहावे.

आमच्या गटात कर्ज फिटलेल्या कुटुंबाचे नाव ही सगळी कामे होईपर्यंत वहीतून निघत नाही, आणि तोवर त्यांनी दर बैठकीला यायचे असते. त्यावर कुरकूर होते. पेढे खाऊन झाल्यावर कागदांच्या गोष्टी कोणाला नको असतात, हे मला समजते, तरीही पुढच्या बैठकीत मी पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो.