रोजच्या धावपळीत स्तोत्रवाचन कसे करावे

नव्या वर्षी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून बायबल वाचायला घेणारे पुष्कळ जण लेवीय हे तिसरे पुस्तक गाठेपर्यंत थकतात. म्हणून सुरुवात स्तोत्रसंहितेपासून, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकापासून, करणे बरे. तिच्यात 150 स्तोत्रे असल्याने सकाळी 3 आणि निजण्यापूर्वी 2 वाचली, तर महिन्यात ती पूर्ण होते. एवढा वेळ नसल्यास रोज एकच घ्यावे, पण ते सावकाश, ओठ हलवून वाचावे आणि जी ओळ मनाला लागेल तिथे थांबून तीच आपल्या शब्दांत प्रार्थना म्हणून देवापुढे मांडावी. अशा वाचनात 119वे स्तोत्र एका बैठकीत उरकू नये. त्याची 176 वचने प्रत्येकी 8 वचनांच्या 22 भागांत विभागलेली आहेत, तेव्हा दिवसाला एक भाग पुरे. 13व्या स्तोत्रात तर कवी देवाला थेट जाब विचारतो. दुःखात असताना उसनी स्तुती करण्यापेक्षा ते म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एखादे भजन गावे, वाचन मुलांकडे सोपवावे आणि ती अडखळली तरी मध्येच टोकू नये. एखादा दिवस चुकल्यास थकबाकी भरत न बसता चालू दिवसाच्या स्तोत्रापासून पुढे जावे.