‘माय लास्ट डचेस’ कशी वाचावी

रॉबर्ट ब्राउनिंगची ही 1842 ची इंग्रजी कविता म्हणजे एका ड्यूकचं, म्हणजे बड्या सरदाराचं, एकतर्फी बोलणं: तो आपल्या मृत पत्नीचं, डचेसचं, चित्र पाहुण्याला दाखवतो आहे. ती मोठ्याने वाचा, पण ओळीच्या टोकाला थांबू नका; विरामचिन्हापाशीच थांबा. 56 ओळी जोडीजोडीने यमकात आहेत, तरी वाक्यं यमक ओलांडून पुढे जातात. त्यामुळे ड्यूकचं बोलणं सहज गप्पांसारखं वाटतं आणि वाचक तिथेच फसतो.

मग पेन्सिल घेऊन ‘मी’, ‘माझं’ यांखाली रेघा मारा. चित्रावरचा पडदा फक्त तोच सरकवतो: जिवंतपणी जिचं हसू त्याला आवरता आलं नाही, तिच्याकडे आता कोणी बघायचं हे तो ठरवतो. मत्सराची कारणंही टिपा: मावळतं ऊन, चेरीची फांदी, पांढरं खेचर. त्याच्या 900 वर्षांच्या घराण्याइतकंच कौतुक तिला यांचंही! आणि तिला समजावणं त्याला कमीपणाचं वाटतं. ‘मी हुकूम दिले’ इथे थांबा; डचेसचा खून उघड सांगितलेलाच नाही. ऐकणारा नव्या सोयरिकीसाठी आलेला दूत आहे, हे निसटलं तर त्यातली धमकी कळत नाही.