बी.एस्सी.च्या वर्गाला प्रश्न सोडवायला शिकवताना: बिघडलेल्या प्लेटचा तास

कॉलनी (एकेका जिवाणूपासून वाढलेले, डोळ्यांना दिसणारे ठिपके) मोजण्याचं प्रॅक्टिकल बरेच विद्यार्थी सूत्रात आकडे घालून उरकतात. प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीवर, काही बिनसलंय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून त्यांना मुद्दाम बिघडलेले आकडे द्यावेत. ५० मिनिटांच्या तासात एकच प्रश्न पुरतो.

फळ्यावर लिहा: १ मिली दूध ९ मिली निर्जंतुक सलाईनमध्ये, मग त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, अशा सहा नळ्या. नळी ४, ५ आणि ६ मधून प्रत्येकी ०.१ मिली प्लेटवर पसरलं. नळी ४ ची प्लेट गच्च, नळी ५ वर ८४ कॉलनी, नळी ६ वर ४१. मूळ दुधात दर मिलीला किती जिवाणू?

सूत्र देऊ नका. पहिली ५ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, आकडेमोड न करता, फक्त एवढं लिहायचं: नळी ५ वर ८४ असतील तर ४ आणि ६ वर किती हव्यात? ८४० आणि ८, कारण दर नळीला दूध दहापट पातळ होतं. हा अंदाज आधी कागदावर उतरला नाही, तर ४१ हा आकडा कुणालाच खटकत नाही. तो ३० ते ३०० या मोजण्याजोग्या मर्यादेत बसतो ना! मग सरळ सरासरी काढली जाते: नळी ५ वरून ८.४ कोटी आणि नळी ६ वरून ४१ कोटी, सरासरी २४.७ कोटी. ही चूक होऊ द्या, लगेच टोकू नका.

कुणाचं उत्तर ८४ लाख आलं, तर तो ०.१ मिली विसरलाय. चूक दाखवण्याऐवजी विचारा, "पूर्ण १ मिली पसरलं असतं तर किती कॉलनी आल्या असत्या?"

पुढची २० मिनिटं तिघा-तिघांच्या गटात. प्रत्येक गटाने ४१ ची निदान तीन कारणं शोधावीत. सहसा येणारी: पिपेटचं टोक (टिप) न बदलल्याने आधीच्या नळीतले जिवाणू पुढे गेले, नळी ६ मध्ये सलाईन कमी पडलं (९ ऐवजी १ मिली असेल तर ४२ येतात, हे फार थोड्यांना सुचतं), बाहेरचा संसर्ग, किंवा नळी ५ नीट न हलवल्याने ८४ हाच आकडा कमी आला. यादीवर थांबू नका. प्रत्येक कारणापुढे "हे खरं असेल तर आणखी काय दिसेल?" याचं उत्तर हवंच. संसर्ग असेल तर कॉलनीचा रंग, आकार वेगळा दिसू शकतो. ८४ चुकीचा आणि ४१ बरोबर असेल, तर नळी ४ वर सुमारे ४१०० कॉलनी हव्यात.

आता गच्च म्हणून बाजूला ठेवलेली प्लेट कामाला येते. तिचा आठवा भाग मोजायचा: १०५ च्या आसपास की ५१२? इथे तुम्ही सांगा, "१०१." म्हणजे ८४ ग्राह्य, बिघाड नळी ६ चा.

दहा गुणांत अंदाजाला ३, कारण आणि त्याच्या तपासणीला ५, आकडेमोडीला २. उत्तरालाच सगळे गुण दिले, तर पुढच्या तासाला पुन्हा सूत्रच पाठ होऊन येतं. पुढच्या आठवड्यात प्रश्न न विचारता नुसते आकडे द्या. त्यानंतर गटांनी एकमेकांसाठी बिघडलेले आकडे तयार करावेत.