डागाची गोष्ट लिहायला निघालात? या चुका टाळा

कोल्हापूरकडच्या जुन्या बायका ‘दागिना’ कमी म्हणतात, ‘डाग’ जास्त. “लग्नात तिच्या अंगावर चार डाग होते,” असं आज्जी सांगते तेव्हा ती चार दागिन्यांबद्दल बोलत असते. एका विद्यार्थिनीनं मुलाखत उतरवताना हा डाग कपड्यावरचा समजून ते वाक्य गाळून टाकलं. गाळलेल्या त्या वाक्यात सासूनं स्वतःचे दोन डाग सुनेला कसे घातले, हे सगळं होतं. तेव्हापासून आमचा पहिला दिवस या एका शब्दानं सुरू होतो.

घरोघरच्या दागिन्यांच्या गोष्टी गोळा करायच्या ओजेटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणावर, मी काही वर्षं मार्गदर्शक म्हणून काम करते. मुलं गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जातात, पेठांत जातात, शिरोळ-हुपरीला जातात, आणि परत आली की आम्ही टिपणं घेऊन बसतो. चुका दरवर्षी साधारण त्याच होतात. काही मुलांच्या असतात आणि बऱ्याच आम्हा मार्गदर्शकांच्या.

“किती तोळ्याचा?” हा पहिला प्रश्न

डबी उघडली की हा प्रश्न तोंडातून निघतोच. पण हा प्रश्न त्या बाईला आयुष्यभर कोणी विचारलाय? सावकारानं, सराफानं, वाटणीच्या वेळी भाऊबंदांनी. म्हणून ती उत्तरही तशाच आवाजात देते, दोन शब्दांत, आणि डबी मिटते.

त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. “हा पहिल्यांदा कुणाच्या अंगावर होता?” आणि “हा घरातून कधी बाहेर गेला होता का?” दुसऱ्या प्रश्नावर मला फार विश्वास आहे. डाग गहाण पडतो, नणंदेच्या लग्नात दोन दिवस उसना जातो, मोडीत निघतो, आटून नव्या घाटात परत येतो. घराचा सगळा इतिहास या जाण्यायेण्यात असतो.

शहराबाहेरच्या एका घरी बोरमाळेची गोष्ट मिळेल म्हणून एक विद्यार्थिनी गेली होती. आज्जींनी सांगितलं, माळ आता नाही. मुलीनं टिपणात लिहिलं: ‘मूळ दागिना उपलब्ध नाही, दुसरं घर शोधावं लागेल.’ मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. निघताना तिनं सहज विचारलं, मग तुमच्या गळ्यात आहे ती कोणती? “ही सोन्याची न्हाई गं बाय. सोन्याची गेली दवाखान्यात. ही बेन्टेक्सची.” म्हणजे नकली सोन्याची. पुढचा तासभर आज्जी बोलत होत्या. माळ तीनदा घराबाहेर गेली होती. एकदा विहिरीसाठी, एकदा मुलाच्या शिक्षणासाठी, आणि तिसऱ्यांदा नवऱ्याच्या ऑपरेशनला. दोनदा परत आली. तिसऱ्यांदा आली नाही, तेव्हा लेकीनं गळा ओका दिसू नये म्हणून बाजारातून ही आणली. त्या वर्षी आमच्या हाती आलेली सर्वांत चांगली गोष्ट ती होती. डाग घरात नसला म्हणून घर सोडू नका.

तोळ्याचे ग्रॅम करताना

वजन विचारायचंच नाही असं नाही, ते नंतर विचारा. आणि हिशोब नीट करा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. १२ मासे म्हणजे एक तोळा, ८ गुंजा म्हणजे एक मासा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. हे दोन तोळे एकमेकांत मिसळले की घरात भांडण लागू शकतं.

एका घरी तोड्यांच्या जोडीसोबत सोनाराची जुनी चिठ्ठी होती: ५ तोळे, ३ मासे, २ गुंजा. विद्यार्थ्यानं तोळ्याला १० ग्रॅम धरून ५२.७ ग्रॅम काढले. काट्यावर तोडे भरले ६१ ग्रॅमच्या वर. त्यानं निष्कर्ष काढला की चिठ्ठी दुसऱ्याच दागिन्याची असणार, आणि तसं घरच्यांसमोर बोलूनही गेला. मग हे तोडे कुणाचे, यावरून दोन जावांमध्ये कुजबुज सुरू झाली. जुन्या तोळ्यानं मोजलं तर हिशोब ६१.५ ग्रॅमचा होतो. वापरानं झालेली झीज सोडली तर चिठ्ठी आणि तोडे अगदी जुळत होते. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो, कागदावर आकडे मांडून दाखवले. दोघी जावा मोकळेपणानं हसल्या तेव्हा जिवात जीव आला.

डाग पोकळ आणि लाख भरलेला असेल, तर काट्यावरचं वजन सोन्याचं नसतं, हेही लिहून ठेवा.

वय ठरवण्याची घाई

“दीडशे वर्षांचा आहे,” असं घरचे म्हणाले की मुलं तसंच छापतात. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक पुतळ्याच्या माळेला राजघराण्याशी जोडतात. सोन्याचं वय आणि घाटाचं वय वेगळं असतं हे लक्षात ठेवा. सोनं पणजीचं असेल, पण ते आटवून नवा घाट १९९५ मध्ये केलेला असेल. दोन्ही तारखा विचारा, दोन्ही लिहा.

वर्ष आठवत नसेल तर आठवण्याजोग्या घटनेचा आधार द्या. “कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर?” ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवते. “बहात्तरच्या दुष्काळात होता का?” “संस्थान होतं तेव्हाचा का?” कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. या तीन प्रश्नांनी बहुतेक डागांच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक काळ मुलांना माहीत नसतो. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे १९६८ चा कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. आजी म्हणाली, “सोनं आम्ही दडवून ठेवलेलं,” तर चोराची भीती होती असं परस्पर लिहू नका. कोणापासून दडवलं, हे विचारा. गुजरीतले जुने कारागीर या वर्षांबद्दल आपणहून बोलत नाहीत. विचारलं, तर हातातलं काम खाली ठेवून बोलतात.

पुस्तकातला साज आणि गळ्यातला साज

कोल्हापुरी साजात २१ पानं असतात, हे वाक्य प्रत्येक मसुद्यात येतं. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन पाचू-माणकाची आणि एक डोरलं. परंपरा तशी सांगते हे खरं. पण नेहमीच्या वापरातले साज बऱ्याचदा दहा-बारा पानांचेच असतात. समोरच्या साजात बारा पानं असताना विद्यार्थी एकवीस लिहितो, कारण त्यानं मोजलेलीच नसतात.

बोट न लावता मोजा. मग प्रत्येक पानाला त्या घरात काय म्हणतात ते विचारा. एखादी आज्जी ज्याला कारलं म्हणते त्याला पुस्तकात दुसरं नाव असेल. आज्जीचं नाव आधी लिहा. साज कुठे घडवला याबरोबरच तो कुणी गाठवला हेही विचारा. सोनार घडवतो आणि पटवेकरी दोऱ्यात गुंफतो. या दुसऱ्या माणसाचं नाव गोष्टीत कधीच येत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

सुरुवातीला अंबाबाईच्या दागिन्यांवर एक परिच्छेद घालायची सवयही सोडा. नवरात्राआधी देवीच्या दागिन्यांची स्वच्छता होते, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. मंगळवार पेठेतल्या एका बाईच्या ठुशीला त्याचा टेकू लागत नाही.

बोली ‘शुद्ध’ करणं

रेकॉर्डिंगमध्ये आज्जी म्हणाली होती: “सासूनं अंगावरनं उतरून माझ्या गळ्यात घातली. म्हनली, आता तू मिरव, माझं झालं.” मसुद्यात आलं: ‘सासूबाईंनी ती माळ त्यांना भेट दिली.’

हे मी कुणालाच माफ करत नाही. भेट दिली म्हणजे काय? इथे एक बाई भर लोकांत स्वतःची हौस संपवून दुसरीच्या गळ्यात घालत होती. ‘मिरव’ हा शब्द गेला की गोष्टच गेली. निवेदन तुमच्या मराठीत लिहा, पण आज्जीचं वाक्य तिच्याच मराठीत राहू द्या. शब्द कळला नाही तर तिथल्या तिथे विचारा. आपल्या न कळण्याचा कुणाला राग येत नाही, उलट बोलणं खुलतं.

“मंगळसूत्र कुठे आहे?”

यादीतला पुढचा प्रश्न म्हणून एका विद्यार्थ्यानं एका विधवा बाईंना हे विचारलं. त्या उठून आत गेल्या. चूक माझी होती, कारण प्रश्नांची यादी मी तपासली होती.

आपल्या जिल्ह्यात हा विषय जिवंत आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. म्हणून हा विषय टाळा असं मी म्हणत नाही. तो तुम्ही काढू नका. बाईंनी काढला तर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं की बंद करायचं, एवढंच विचारा आणि ऐका.

पूरग्रस्त गावांत लग्नाचा फोटो मागण्याबद्दलही हेच. २०१९ च्या पुरात शिरोळ-करवीरमधल्या कितीतरी घरांचे अल्बम गेले. काहींनी फक्त डागांची पेटी काखोटीला मारून घर सोडलं होतं. ती पेटी कुणी उचलली, एवढं विचारलं तरी खूप मिळतं.

नाव, गल्ली आणि सोनं एकाच पानावर

ही माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक. पहिल्या वर्षीच्या प्रदर्शनात एका फलकावर मी आडनाव, गल्ली आणि पाटल्यांचा फोटो असं सगळं लावू दिलं. घरच्यांनी परवानगी दिली होती, सहीसुद्धा होती. पण सही घेताना या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर काय होईल हे मी त्यांना समजावलं नव्हतं. नंतर कितीतरी दिवस त्यांना घराला कुलूप लावून बाहेरगावी जायची धास्ती वाटत होती. फलक उतरवला, माफी मागितली, तरी ती धास्ती मी दिलेली होती.

आता आमच्याकडे नाव छापायचं तर गल्ली छापत नाही, वजन आणि किंमत कधीच छापत नाही. फोटोत खिडकीबाहेरचं दुकान, दारावरची पाटी, गाडीचा नंबर दिसत नाही ना ते बघतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करूनच घरात शिरायचं. आणि संमती एकीची पुरत नाही. बोरमाळ थोरल्या सुनेला मिळाली असं छापून येण्याआधी धाकटीलाही ते ठाऊक असायला हवं.

फोटोसाठी घासूनपुसून

चकाकी यावी म्हणून साज गरम पाण्यात टाकू नका, आतली लाख मऊ पडते. हुपरीच्या पैंजणांना टूथपेस्ट लावू नका, चांदीवर चरे उठतात. फटीतलं हळद-कुंकू तसंच राहू दे, तेही गोष्टीचा भाग आहे. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, खाली चमक नसलेलं कापड, शेजारी पट्टी. आणि रेकॉर्डिंग करताना कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबून मग बोलायला लावा.

मार्गदर्शकांसाठी

मुलाखतीत शेजारी बसू नका. आम्ही बसलो की आज्जी मुलीऐवजी ‘मॅडम’कडे बघून बोलतात आणि शब्द जपून वापरतात. ओट्यावर थांबा.

विद्यार्थ्याचा मसुदा स्वतः पुन्हा लिहून देऊ नका. मी तसं करत असे, आणि एका वर्षी आठ मुलांच्या आठ गोष्टी एकाच बाईनं लिहिल्यासारख्या झाल्या. समासात प्रश्न लिहा, वाक्य लिहू नका.

“डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी आणा,” असं तर कधीच म्हणू नका. मुलं मग तेच खणायला लागतात, आणि साधी, हसरी, मिरवण्याची गोष्ट त्यांना अपुरी वाटते. बुगडीसाठी हट्ट धरून दोन दिवस न जेवलेली मुलगी हीसुद्धा पूर्ण गोष्ट आहे.

पहिल्या आठवड्यात मुलांना कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये न्या. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शहरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केलं, त्यात मणीही सापडले. त्या उत्खननातल्या वस्तू या म्युझियममध्ये आहेत. ते मणी कशाचे आहेत हे आपण सांगू शकतो. ते कुणाच्या गळ्यात होते, आणि ओवणाऱ्या हातानं कुणासाठी ओवले, हे आता विचारायला कुणी उरलेलं नाही. आज्जीकडे जाण्याआधी मुलांनी हे एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट परत नेताना

छापण्याआधी मसुदा त्या घरी वाचून दाखवायचा. वाचून दाखवायचा, पाठवायचा नाही, कारण बऱ्याच आज्जींना बारीक अक्षर दिसत नाही आणि मुलं-नातवंडं वरवर वाचून “चांगलंय” म्हणतात. यासाठी शेवटचे दोन आठवडे राखून ठेवा, कारण दुरुस्त्या येतात. मागच्या वेळी एक आज्जी सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “समदं बरोबर हाय. पर ती पोत मला सासूनं न्हाई दिली, जावंनं दिली. तिचं नाव घाला.” विद्यार्थिनीनं तिथेच पेन काढलं आणि जावेचं नाव विचारलं.