जावाचा वाघ शोधताय? मग या चुका टाळा

इंडोनेशियातल्या जावा बेटावर वाघाच्या वावराची शेवटची खात्रीची नोंद १९७६ सालची, पूर्वेकडच्या मेरू बेतिरीच्या जंगलातली. तरी ‘पट्टेरी दिसला’ अशी आवई तिथे अधूनमधून उठतेच, आणि हौशी मंडळी कॅमेरे घेऊन निघतात.

पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे बिबट्याला विसरणं. जावात बिबटे आजही आहेत, काळेही आहेत. २०१७ मध्ये उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात निघालेला एक फोटो वाघाचा म्हणून गाजला. जाणकारांनी पाहिल्यावर तो बिबट्याच ठरला. म्हणून खूण सापडली की ‘हा वाघ आहे का?’ असं विचारू नका, ‘हा बिबट्या नाही कशावरून?’ असं विचारा. गावात चौकशी करतानाही तेच. तिकडच्या ‘माचान’ या शब्दात वाघ आणि बिबट्या दोघंही येतात, जसं आपल्या जुन्नरकडे बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. त्यातून तुम्ही वाघाचं चित्र पुढे करून ‘हाच ना?’ म्हणालात, तर पाहुण्याचं मन कोण मोडणार? आधी गावकऱ्यालाच बोलू द्या: अंगावर काय होतं, किती लांबून पाहिलं, उजेड होता का.

ठशांचं थोडक्यात. चिखलात ठसा पसरतो आणि बिबट्या वाघाएवढा होतो. एकाच ठशावर विसंबू नका. मोजपट्टी ठेवून ओळीतल्या सगळ्या ठशांचे फोटो घ्या.

केस सापडला तर मात्र सावकाश. २०१९ मध्ये पश्चिम जावातल्या सुकाबुमीजवळ एका कुंपणावर एक केस मिळाला. त्याचा डीएनए संग्रहालयातल्या १९३० सालच्या जावा वाघाच्या नमुन्याशी जवळचा असल्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि लगोलग इतर संशोधकांनी त्या डीएनएच्या वाचनावरच बोट ठेवलं. मला तो आक्षेप रास्त वाटतो. एका केसावर एवढा डोलारा पेलत नाही. केस उघड्या हातांनी उचलू नका. प्लॅस्टिकमध्ये दमट होतो, कागदी पाकिटात सिलिका जेलबरोबर ठेवा. जुनी वाघकातडी जिथे हाताळतात त्या टेबलावर तो उघडू नका, तिथला डीएनए त्यात मिसळेल, आणि शक्य असेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासा.

कॅमेरे समोरासमोर जोडीने लावा, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. समोरचं गवत कापा, नाहीतर कार्डभर डोलणारी पातीच मिळतील. रिकाम्या रात्रीही नोंदवा. तैवानमध्ये ढगाळ बिबट्यासाठी (क्लाउडेड लेपर्ड) हजाराहून जास्त ठिकाणी कॅमेरे लावूनही तो दिसला नाही. २०१३ साली ‘तो उरला नाही’ म्हणता आलं ते त्या रिकाम्या नोंदींच्याच बळावर.

उत्साहाच्या भरात जागेचा पत्ता जगजाहीर करू नका, फासे लावणारेही वाचतात. फोटोच्या फाइलमध्ये लपलेलं जीपीएसही पुसा. आणि केस खिशात घालून मायदेशी आणण्याचा विचार सोडा: वाघाचा कुठलाही अंश सरहद्दीपार न्यायला साइट्सचा, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो.